दहा मायक्रॉनला पीस रिजेक्ट, आणि समुद्राला मात्र 'साडेसहा ते साडेआठ चालतंय'!

पोस्ट मोठी आहे. सेकंड शिफ्ट संपल्यावर निवांत वाचा, पण पूर्ण वाचा. आणि भांडायचं असेल तर पूर्ण वाचून भांडा.

भोसरी, तळवडे, चाकणला क्वालिटीत काम केलेल्या कुणालाही विचारा. कस्टमर ऑडिटला आला की तो आधी तुमचा पीस बघत नाही, तुमचा मायक्रोमीटर बघतो. त्यावरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर बघतो. तारीख उलटून गेली असेल तर त्या मायक्रोमीटरनं मोजलेले सगळे पीस संशयित. मी स्वतः एकदा हे भोगलंय. आठ दिवस उलटलेलं एक स्टिकर, आणि दोन दिवसांचा माल बाजूला काढून पुन्हा मोजायला लागला. तेव्हा ऑडिटरला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. आज वाटतं, माणूस बरोबर होता. ज्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही तो आकडा नसलेलाच बरा, कारण तो निष्कारण निर्धास्त करतो.

हे सगळं का सांगतोय? इंद्रायणीवर फेस आल्यावर आपल्यातले काही जण एका कार्यालयात गेलो होतो, त्याची आठवण झाली म्हणून. आळंदीचा तो पांढरा फेस तुम्हाला नवा नाही, वारीच्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलाय. तिथं आम्हाला उत्तर मिळालं, "पीएच मर्यादेत आहे." बस्स. फेस मुख्यतः साबण-डिटर्जंटसारख्या रसायनांमुळे होतो, पीएचवरून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे शाफ्टला तडा गेलाय का विचारलं, तर "व्यास बरोबर आहे" असं सांगितल्यासारखं झालं!

पण आज नदीवर थांबत नाही. हेच 'मर्यादेत आहे' समुद्राच्या बाबतीत जास्त घातक आहे. आणि समुद्राचा आपल्याशी काय संबंध, असं म्हणणाऱ्यांसाठीच मुद्दाम लिहितोय.

आपला आणि समुद्राचा संबंध काय?

पहिलं म्हणजे, या पट्ट्यातल्या प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत कोकणातली घरं आहेत. माझं एक. गणपतीला निगडीवरून सुटणाऱ्या गाड्या बघा, सगळं समजेल.

दुसरं, नद्या. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनी भरून पुढे कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. खरं सांगायचं तर वाटेत एवढी धरणं आणि एवढा उपसा आहे की आपलं पाणी समुद्रापर्यंत फार थोडं पोचतं. आपली घाण उजनीतच साठते, ते हिरवं पाणी सोलापूरकर भोगतात. उलट शेजारच्या मुळशीचं पाणी वीज करायला घाटाखाली भिरा इथं उतरतं, कुंडलिकेत जातं आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं.

पण तिसरा रस्ता सगळ्यात मोठा आहे, आणि तो दिसत नाही. तो हवेतला. आपल्या भट्ट्या, आपले जनरेटर, आपल्याला लागणारी कोळशाची वीज, आपण बनवलेल्या आणि चालवत असलेल्या गाड्या. यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड काही चाकणवर तरंगत राहत नाही. माणूस दर वर्षी हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पितो. आपण खूश, की बरं झालं, हवा तेवढी कमी तापली. पण गोटी सोड्यात हाच वायू भरतात आणि म्हणून तो जिभेला चुरचुरतो. पाण्यात विरघळला की त्याचं आम्ल होतं. समुद्राचंही तेच चाललंय, फक्त सावकाश.

औद्योगिक क्रांतीच्या आधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच सरासरी ८.२ च्या आसपास होता. आता ८.१ च्या आसपास आहे. "०.१ नं काय होतं?" असं म्हणू नका. पीएच ही भूकंपाच्या रिश्टरसारखी मोजपट्टी आहे, एक घर म्हणजे दहा पट. ०.१ उतरणं म्हणजे आम्लता पाव पटीहून जास्त वाढणं. आणि या वाढलेल्या आम्लतेत शिंपलेवाल्या जिवांना लागणारं कार्बोनेट कमी पडतं. कालवं, तिसऱ्या, खुबे, पोवळी, सगळ्यांची घरं त्याच मालाची. गवंडी तोच, पण सिमेंट कमी. असं बांधकाम किती दिवस टिकेल?

आता तो मापदंड बघा

आपल्या देशात किनाऱ्याच्या पाण्याचे वर्ग ठरलेत. त्यातला सगळ्यात वरचा, कडक वर्ग मिठागरं, शिंपल्यांची मासेमारी आणि मत्स्यशेतीच्या पाण्यासाठी. त्याला पीएचची मर्यादा किती? ६.५ ते ८.५.

क्वालिटीवाल्यांनो, हा टॉलरन्स बघा. दोन घरं. म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत आम्लतेत शंभर पट फरक, आणि दोन्ही टोकं 'ओके'! हे गो-नोगो गेज आहे, आणि तेही एवढं ढिलं की त्यातून बोल्टच काय, आख्खी बादली जाईल.

हवाई बेटांजवळ खोल समुद्रात १९८८ पासून एका ठरलेल्या जागी पाणी मोजतायत. तिथं पीएच वर्षाला साधारण ०.००२ नं उतरतोय. गणित तुम्हीच करा. ८.१ वरून ६.५ ला यायला या वेगानं ८०० वर्षं लागतील. म्हणजे ८०० वर्षं आपला शेरा 'मर्यादेत' असाच येत राहणार. तोपर्यंत शिंपला उरला नाही तरी अहवाल स्वच्छ!

मशीनवरचा आपला पोरगा काय करतो? प्रत्येक पीस टॉलरन्समध्ये आहे, पण सलग सात पीस एकाच दिशेनं सरकतायत असं कंट्रोल चार्टवर दिसलं, की तो मशीन थांबवतो. टूल घासलंय, हे त्याला रिजेक्शन यायच्या आधीच समजतं. आयटीआय झालेल्या वीस वर्षांच्या पोराला जे पहिल्या सहा महिन्यांत शिकवतात, ते आपण समुद्राच्या बाबतीत का विसरतो? मर्यादेत आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे. सरकतंय का, किती सरकतंय, हा प्रश्न आहे.

मोजणं म्हणजे काठीनं खोली बघणं नाही

कुणी म्हणेल, "मोजतात की! महिन्याला सॅम्पल घेतात." बरं. कसं घेतात ते महत्त्वाचं.

समुद्राचं पाणी दहा अंशांनी तापलं तर तेच पाणी पीएच ०.१५ नं कमी दाखवतं. म्हणजे बाटली जीपच्या डिकीत दुपारभर तापली आणि तापमानाचा हिशेब धरला नाही, तर दीडदोनशे वर्षांत सगळ्या जगाच्या धुरानं जेवढा बदल केला त्यापेक्षा मोठी चूक आपण एका दुपारीत करतो.

दुसरं, मीटर. साधा पीएच मीटर ४, ७ आणि १० च्या बफरनं लावतात. ते बफर गोड्या पाण्याच्या जातीचे. समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. तिथं वेगळा बफर लागतो, नाहीतर रंगद्रव्य टाकून प्रकाशानं मोजायची पद्धत लागते. स्टीलसाठी लावलेलं गेज रबराला लावून कसं चालेल?

तिसरं, वेळ. खाडीतलं शेवाळ आणि वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड खातात, रात्री सगळेच जीव तो सोडतात. म्हणून पीएच दुपारनंतर चढलेला आणि पहाटे उतरलेला असतो. साहेब नाश्ता करून अकरा वाजता सॅम्पल घेणार, तर पहाटेचं संकट त्या बाटलीत कधीच येणार नाही. आपल्या पवनेत विरघळलेला प्राणवायू मोजतानाही हीच गंमत होते. मासा पहाटे मरतो, सॅम्पल दुपारी भरतं.

चौथं, नुसता पीएच पुरत नाही. पावसाळ्यात जांभ्यावरून धो धो आलेलं गोडं पाणी खाडीत शिरतं आणि पीएच असाही उतरतो. तो धुराचा दोष नाही. हे वेगळं काढायचं तर खारटपणा, तापमान आणि पाण्याची आम्ल पचवायची ताकद, म्हणजे अल्कलिनिटी, हेही त्याच बाटलीत मोजावं लागतं. शास्त्रज्ञांचा नियम सोपा आहे. पीएच, अल्कलिनिटी, विरघळलेला एकूण कार्बन आणि पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, या चारांपैकी कुठलेही दोन नीट मोजा, उरलेले दोन हिशेबानं काढता येतात. बाटली काचेची, बुडबुडा न राहता भरलेली, आणि आतले जंतू पाणी बदलू नयेत म्हणून थोडं मर्क्युरिक क्लोराइड घातलेली.

आणि मास्टर? आपल्याकडे जसे स्लिप गेज, तसे त्यांच्याकडे प्रमाणित पाण्याच्या बाटल्या. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेनं या बाटल्या तयार करून वर्षानुवर्षं जगभर पाठवल्या. आपलं यंत्र त्या बाटलीवर बरोबर आकडा दाखवत नसेल, तर पुढचं सगळं मोजमाप बाद. तुमच्या-माझ्या भाषेत, कॅलिब्रेशनचं स्टिकर.

यात सुद्धा दोन दर्जे आहेत. आज काय चाललंय हे समजायला ०.०२ पर्यंतची चूक चालते. दशकांचा कल पकडायचा तर ०.००३ लागते. खाडीला पहिल्या दर्जानं सुरुवात केली तरी माझी तक्रार नाही. सुरुवात तर करा!

"मोजून काय उपयोग? मोजल्यानं पाणी साफ होतं का?"

हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि विचारणारे बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. उत्तर देतो.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉनमध्ये व्हिस्की क्रीक नावाची कालवांची हॅचरी आहे. २००७-०८ च्या सुमारास तिथली कालवांची पिल्लं टाक्याच्या टाक्या भरून मरायला लागली. मालकांना वाटलं जंतू. त्यावर खर्च केला, फरक पडला नाही. मग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर पाण्याचं रसायन सतत मोजायला घेतलं. वारा विशिष्ट दिशेनं वाहिला की खोलातलं, कार्बन डायऑक्साइड जास्त असलेलं पाणी वर यायचं आणि नळातून सरळ टाकीत. पिल्लाचा पहिला शिंपला पहिल्या दोन दिवसांतच बनतो, तेवढ्यात असं पाणी मिळालं की खेळ खलास. कारण समजल्यावर उपाय साधे निघाले. सकाळऐवजी दुपारनंतर पाणी घ्यायचं, आणि वाईट पाणी आलं की सोडा घालून सुधारायचं. धंदा वाचला.

आता हे वाईट पाणी किती आंबट होतं? पीएच ७.६-७.७ च्या आसपास उतरायचा. आपल्या मापदंडात बसवून बघा. शिंपल्यांच्या मासेमारीसाठी 'उत्तम'!

"ते अमेरिकेत." मग गोव्यात बघा. दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. त्यांच्या लोकांनी कांदोळीसमोर एका ठरलेल्या जागी १९९० च्या दशकापासून वर्षानुवर्षं पाणी मोजलं. त्यातून चित्र स्पष्ट झालं, की पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत प्राणवायू फार कमी असलेलं पाणी खालून किनाऱ्याजवळ येतं. सन २००० मध्ये नक्वी आणि सहकाऱ्यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. त्यांचं म्हणणं होतं की हा प्रकार मुळात नैसर्गिक असला तरी तो तीव्र होतोय, आणि शेतातून वाहून येणारं नत्र हे त्याचं एक संभाव्य कारण आहे. जिथं प्राणवायू संपतो तिथं तो खाऊन कार्बन डायऑक्साइडच तयार झालेला असतो. म्हणजे ते पाणी आंबटही असतं.

इथं "हा जगाचा प्रश्न आहे, आपण काय करणार" ही पळवाट बंद होते. धुरामुळं येणारा आंबटपणा जगाचा, मान्य. पण सांडपाणी आणि खतांमधून जाणारं नत्र-स्फुरद, त्यावर माजणारं शेवाळ, ते कुजून खाल्लेला प्राणवायू आणि तयार झालेलं आम्ल, हे स्थानिक आहे. पवनेवर दर वर्षी माजणारी जलपर्णी याच खाण्यावर जगते. आणि नियम बघा. सांडपाणी नदीनाल्यात सोडायचं तर बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम. समुद्रकिनाऱ्याला सोडायचं तर १००. समुद्र मोठा आहे ना, पचवेल!

तिसरी पळवाट, "आधी इंद्रायणी बघा, मग समुद्र." मी म्हणतो, दोन्हीचा रोग एकच आहे. न मोजता निर्धास्त राहणं. ज्या दिवशी इंद्रायणीचं पहाटेचं पाणी कॅलिब्रेटेड यंत्रानं मोजून तासातासाला लोकांसमोर येईल, त्या दिवशी फेस कुठल्या नाल्यातून येतो यावर वाद घालायची गरज उरणार नाही.

माझ्या आत्याचा प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीकाठी माझी आत्या राहते. ओहोटीला तिसऱ्या काढायला जाते, कालवं फोडते. गेल्या मे महिन्यात म्हणाली, "अरे, पूर्वी तासाभरात टोपली व्हायची. आता अर्धा दिस मोडतो नि तिसऱ्या एवढ्याशा. तू मोठ्या कंपनीत मोजमापाचं काम करतोस म्हणतोस. ह्याचं काय झालं ते सांग की."

मला सांगता आलं नाही. रेतीउपसा असेल. गाळ असेल. सांडपाणी असेल. जास्त काढून संपल्या असतील. पाणी आंबट झालं असेल. सगळं थोडं थोडं असेल. मी छातीठोकपणे 'पाणी आंबट झालं' म्हणणार नाही, कारण हातात आकडा नाही. पण 'पाणी आंबट झालं नाही' असंही कुणी म्हणू नये, कारण त्यांच्याही हातात आकडा नाही. आजपासून मोजायला घेतलं तरी नीट कल दिसायला दहा-वीस वर्षं लागतील. आपण मोजलं नाही ते प्रत्येक वर्ष कायमचं गेलं. जुना पीस पुन्हा मोजता येतो. गेल्या वर्षीचं पाणी पुन्हा मोजता येत नाही.

चार्ल्स कीलिंग नावाच्या माणसानं १९५८ मध्ये हवाईच्या डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. मधे पैसे तोडायचे प्रयत्न झाले, लोक म्हणाले रोज तेच तेच काय मोजता. ते चिकटून राहिले म्हणून आज जगाला तो चढता आलेख माहीत आहे.

मागण्या. स्पष्ट, मोजून पाच.

१. कोकण किनाऱ्यावर किमान तीन कायमची ठिकाणं ठरवा. श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवण. एक एक खाडीतलं आणि एक एक उघड्या समुद्रातलं. जागा बदलायची नाही, सरकार बदललं तरी.

२. चारातली किमान दोन मापं, सोबत खारटपणा, तापमान, प्राणवायू. महिन्याला बाटली आणि मधल्या काळात सतत चालणारा सेन्सर. पहाटेचं माप हवंच.

३. आकडा तसाच्या तसा, कॅलिब्रेशनच्या नोंदीसकट, मराठीत सगळ्यांसमोर ठेवा. 'मर्यादेत आहे' हा शेरा नको. आकडा द्या, शेरा आम्ही मारू.

४. माणसं बाहेरून आणायची गरज नाही. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, शेजारी गोव्यात राष्ट्रीय संस्था आहे. कमी खर्चाचे मोजणीचे संच आफ्रिकेतल्या आणि पॅसिफिकमधल्या छोट्या देशांपर्यंत पोचलेत. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमध्ये १४.३ हे समुद्राच्या आम्लतेचंच आहे आणि त्याचा निर्देशांक म्हणजे ठरलेल्या ठिकाणी मोजलेला पीएच. भारतानं ही उद्दिष्टं मान्य केलीत.

५. ही मागणी आपल्या स्वतःकडे. कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात. आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायदा म्हणतो, बाहेर खर्च करूच नका असं म्हणत नाही. या पट्ट्यात देशातल्या उत्तम मेट्रॉलॉजी लॅब आहेत, कॅलिब्रेशन करणारी शेकडो माणसं आहेत. दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात तेच झाड लावून फोटो काढण्यापेक्षा एका ठिकाणचा दहा वर्षांचा खर्च उचला. आणि पाच-दहा रिटायर्ड क्यूसीवाले मला द्या. बाटली कशी भरायची ते महिन्याभरात शिकतील, आणि खोटा आकडा तर त्यांच्या हातून लिहिलाच जाणार नाही.

शेवटी एक आव्हान. श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवण, यातल्या कुठल्याही एका ठिकाणचा, लोकांसाठी खुला असलेला, एकाच पद्धतीनं मोजलेला वीस वर्षांचा पीएचचा आलेख कमेंटमध्ये टाका. टाकलात तर या पोस्टच्या डोक्यावर 'माझं चुकलं' असं मोठ्या अक्षरात लिहीन आणि चहा माझ्याकडून.

नाही सापडला, तर ही पोस्ट तुमच्या कंपनीतल्या सीएसआर बघणाऱ्या माणसाला पाठवा. आणि तुमच्या कोकणातल्या आमदारालाही. दोघांनाही एवढंच विचारा, "साहेब, मर्यादा माहीत आहे. आकडा किती?"